जंगल, माळ आणि तलाव : वाशिम जिल्ह्यात पक्षी पाहताना

पक्षी पाहायला जायचे म्हटले की वऱ्हाडातला माणूस मेळघाट नाहीतर ताडोबाची वाट धरतो. त्या जंगलांची थोरवी मोठीच आहे, पण त्यापायी घराजवळचे रान नजरेआड होते. वाशिम जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य आहे. कारंजा तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. शिवाय सहाही तालुक्यांत कुठे पाझर तलाव, तर कुठे लघुप्रकल्प आहेत. पानझडी जंगल, गवताळ माळ आणि अडवलेले पाणी या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे पक्षी राहतात, आणि आपल्याकडे ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. त्यातला मुख्य सल्ला आधीच सांगतो : दहा ठिकाणे एकेकदा पाहण्यापेक्षा एक ठिकाण दहा वेळा पाहा. पक्ष्यांची ओळख यादीने होत नाही, सहवासाने होते.

कुठे जायचे?

काटेपूर्णा : काटेपूर्णा नदी वाशिमच्या डोंगरपट्ट्यात उगम पावते, उत्तरेला अकोला जिल्ह्यात उतरते आणि पुढे पूर्णेला मिळते. महान येथे तिच्यावर धरण आहे आणि अकोला शहर याच जलाशयाचे पाणी पिते. जलाशयाभोवतीच्या जंगलाला १९८८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ७३ चौरस किलोमीटरचे हे रान अकोला आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. साग, धावडा, सालई, तेंदू, मोह आणि पळस ही इथली ओळखीची झाडे. चौशिंगा आणि भेकर यांच्यासाठी हे अभयारण्य प्रसिद्ध आहे, पण पक्षिनिरीक्षकाला इथे त्याहून जास्त मिळते.

नवखा माणूस जंगलात शिरला की चालत सुटतो आणि पक्षी दिसत नाहीत म्हणून हिरमुसतो. पानझडी जंगलात पक्षी सारखे विखुरलेले नसतात. कीटक खाणाऱ्या लहान पक्ष्यांचे मिश्र थवे बनतात आणि ते एकत्र फिरतात. अर्धा तास सगळे सामसूम असते, आणि मग एकाच झाडावर सुभग पानांच्या खालच्या बाजू तपासताना दिसतो, चष्मेवाले फांदीच्या टोकाला लोंबकळतात, निखार शेंड्यावर असतात, सुतार खोडावर चढत जातो आणि नाचण शेपटीचा पंखा उघडून किडे उठवत असते. या सगळ्यांच्या हालचालीने उडालेले किडे कोतवाल हवेतच टिपतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून भांडणही कमी. असा थवा दिसला की त्याच्यामागे धावू नका. तो कोणत्या दिशेला सरकतो ते पाहा, थोडे पुढे जाऊन उभे राहा आणि त्याला आपल्याकडे येऊ द्या. थवा नसेल त्या वेळी जंगल आणि पाणी जिथे भेटतात त्या काठावर थांबा. जंगलातले पक्षी तिथे पाण्याला येतात आणि पाणपक्षी समोरच असतात.

कारंजा-सोहोळ : हे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे गवताळ अभयारण्य काळविटांसाठी राखलेले आहे. झाडी विरळ असल्याने इथे नजर लांबवर जाते. चंडोल, तित्तिर, लावे, टिटवी, धाविक, कापशी घार, तीसा, सापमार गरुड ही माळाची मंडळी. हिवाळ्यात यांच्यात भोवत्यांची भर पडते. भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून, डुलत जातो. मध्येच थबकतो आणि गवतात झेप घेतो. तो बहुधा नाकतोडे, सरडे, उंदीर किंवा लहान पक्षी टिपत असतो. माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून इतक्या लांब येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात. माळावरचे गवत जाळले किंवा नांगरले की त्यांचे झोपायचे ठिकाणच जाते.

माळावर सकाळी एखाद्या पाणवठ्याजवळ, पण पुरेसे लांब, थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. पखुर्डीचे थवे ऊन थोडे वर आल्यावर पाण्यावर उतरतात. पखुर्डी म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला भाट तितर म्हणतात तो मातकट रंगाचा पक्षी. जमिनीवर बसला की ढेकळांत मिसळून जातो. पिल्ले असतील त्या दिवसांत नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटाची पिसे पाणी धरून ठेवतात. तो तसाच उडत पिल्लांकडे जातो आणि पिल्ले त्या ओल्या पिसांतून पाणी पितात. हे पाहायचे असेल तर दुर्बीण स्थिर धरून पाणवठ्यावरच ठेवावी. पक्षी उतरून परत उडायला फार वेळ लागत नाही.

तलाव : वाशिम शहराजवळचा एकबुर्जी जलाशय आणि कारंजा भागातले अडाण धरण ही मोठी ठिकाणे झाली, पण सुरुवात गावच्या पाझर तलावापासूनच करा. टिबुकली, वारकरी, हळदी-कुंकू बदक, पाणकावळे, शेकाट्या, खंड्या, धोबी आणि नदी सुरय यांची ओळख तिथेच होते. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक आणि थापट्या यांची भर पडते.

कधी जायचे?

सूर्योदयाच्या आसपासचे दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचा दीड तास हा उत्तम काळ. रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी सकाळी खाण्यात गुंतलेले असतात, म्हणून हालचाल जास्त असते आणि आवाजही. दुपारी ऊन चढले की बहुतेक पक्षी सावली धरतात. शिकारी पक्षी मात्र याला अपवाद : जमीन तापून हवा वर उठू लागली की गरुड, घारी आणि गिधाडे तिच्यावर तरंगत उंच जातात. म्हणजे दहा-अकरानंतर मान वर करून आकाश पाहायला हवे. अभयारण्यांत प्रवेशाच्या वेळा, पावसाळ्यातली बंदी, शुल्क आणि वाहनाचे नियम वनविभाग ठरवतो, म्हणून निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारणा करा.

वर्षभर काय पाहायचे?

जून ते सप्टेंबर : पेरणीच्या दिवसांत पावशाची 'पेरते व्हा' ही हाक शेतकऱ्याला ऐकवावी लागत नाही. त्याच सुमारास चातक येतो : वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर तुरा. पावशा आणि चातक दोघेही स्वतः घरटे न बांधता सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात. म्हणून सातभाईंचा कलकलाट ऐकला की आजूबाजूला पाहा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीच्या नराने विणायला घेतलेला खोपा हाही याच दिवसांतला सोहळा. मादी अर्धवट खोपे तपासते आणि आवडलेला निवडते. तेव्हाच नर तो पुरा करतो. म्हणून एका झाडावर अर्धे राहिलेले खोपे दिसतात.

ऑक्टोबर ते जानेवारी : सोयाबीन निघून शिवार मोकळे झाले की चंडोल आणि धोबी रानात उतरतात. तलाव तुडुंब असतात, त्यामुळे बदके पाण्याच्या मध्यभागी राहतात आणि लांबून पाहावी लागतात. भोवत्ये, ससाण्यांसारखे शिकारी पक्षी, गप्पीदास आणि शंकर यांसारखे लहान पाहुणे याच काळात येतात. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. शाळांनी पक्षिनिरीक्षणाची सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

फेब्रुवारी ते मे : नवशिक्यासाठी हा सर्वांत सोपा काळ. पाने गळल्याने पक्षी उघडे पडतात आणि पळस फुलतो. फुललेल्या पळसाजवळ सावलीत एक तास बसा. मधासाठी जांभळा सूर्यपक्षी येतो, साळुंक्या, बुलबुल, टकाचोर आणि पोपट येतात, आणि गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा आला की झाड गजबजून जाते. भोरड्यांना पळस मैना असेही म्हणतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणाऱ्या या पक्ष्यांच्या कपाळाला पळसाचे पिवळे पराग लागलेले दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पराग नेण्याचे काम ते कसे करतात हे त्या वेळी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच महिन्यांत तलावांचे पाणी आटते, काठाला गाळ उघडा पडतो आणि चिखलात चोच खुपसून खाणारे तुतारी, शेकाट्या आणि शराटी तिथे गोळा होतात. हिवाळी पाहुणे परतीला लागण्याआधी जवळून पाहायची ही शेवटची संधी असते.

काय न्यायचे?

पहिली वस्तू दुर्बीण. तिच्यावर ८×४२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा पक्षी किती पट मोठा दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. सुरुवातीला ८×४२ किंवा ८×४० घ्या. बारा पटीची दुर्बीण हातात थरथरते, दिसणारा भाग अरुंद होतो आणि झुडपात उडणारा पक्षी सापडतच नाही. भिंग जितके मोठे तितका पहाटे आणि संध्याकाळी प्रकाश जास्त मिळतो. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधू नका. हा सराव घराच्या गच्चीवर, कावळ्यांवर आणि साळुंक्यांवर करा.

दुसरी वस्तू वही आणि पेन्सिल. तिसरी वस्तू एक चांगले मार्गदर्शक पुस्तक. डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि अनेक पिढ्यांचे गुरू ठरले. मराठी नावांसाठी चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' जवळ ठेवा. मोबाइलवर मर्लिन नावाचे अॅप आवाजावरून पक्षी सुचवते, पण ते सुचवते एवढेच. शेवटची खात्री डोळ्यांनीच करावी. कॅमेरा नसला तरी काही अडत नाही. उलट पहिले काही महिने कॅमेरा घरीच राहिला तर पक्षी नीट पाहिला जातो.

कपडे मातकट, हिरवे किंवा राखी असावेत. पांढरे, लाल आणि चमकदार कपडे टाळा. बूट जाड तळव्याचे, पाणी भरपूर आणि टोपी हवीच. अत्तर लावून जाऊ नका. जंगलात आग्या मोहळ असते आणि उग्र वास व धूर मधमाश्यांना डिवचतात.

ओळखायचे कसे?

पक्षी दिसला की पहिल्यांदा रंग पाहायची सवय असते. ती मोडा. प्रकाशात रंग बदलतो. आधी आकार पाहा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच : बारीक कीटकाची, जाड दाण्याची, वाकडी मांसाची की चपटी चिखलाची? मग शेपटी आणि पाय, मग चालण्याची आणि उडण्याची पद्धत, मग बसायची जागा. रंग सगळ्यात शेवटी.

दोन उदाहरणे घेऊ. विजेच्या तारेवर बसलेला, मोठ्या डोक्याचा तपकिरी पक्षी पाहिल्यावर पुष्कळांना तो साधाच वाटतो. तो जमिनीवरच्या नाकतोड्याकडे झेपावतो तेव्हा पंखांतला आणि शेपटीतला गडद व फिकट निळा रंग एकदम उघडतो. तो नीलपंख. रंगावरून ओळखायचा असता तर बसलेला असताना निसटला असता. पण मोठे डोके, जाड चोच, उघड्या तारेवरची बैठक आणि खाली झेप घ्यायची रीत यांवरून तो आधीच कळतो. दुसरे उदाहरण बगळ्यांचे. सगळे पांढरे, म्हणून सगळे एकच असे मानले जाते. नांगराच्या मागे आणि गुरांच्या पायांत फिरणारा, पिवळ्या चोचीचा ठेंगणा तो गायबगळा. पाण्यात उभा असलेला, काळ्या चोचीचा, काळ्या पायांचा आणि पिवळ्या बोटांचा तो लहान बगळा. उंच, लांबलचक मानेला मध्ये ठळक बाक असलेला तो मोठा बगळा. एकदा हे तीन वेगळे कळले की पाहण्याची नजर तयार झाली असे समजा.

आवाज शिकण्यासाठी एक नियम पाळा : एका दिवशी एकच आवाज. आवाजाचा माग काढून पक्षी डोळ्यांनी पाहा. 'टुक टुक टुक' असा एकाच लयीत येणारा तांबटाचा ठोका, 'टिटीव टिटीव' असा टिटवीचा ओरडा, भारद्वाजाचा खोल 'कूप कूप' आणि दिवेलागणीला पिंगळ्याचा किचकिचाट हे चार आवाज आले की पुढचे आपोआप येत जातात.

नोंदवही कशी ठेवायची?

प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, हवामान आणि पाण्याची पातळी लिहा. त्याखाली पक्ष्याचे नाव, संख्या, तो काय करत होता आणि कुठे होता हे लिहा. ओळख पटली नाही तर 'अनोळखी' असे लिहून जमेल तसे रेखाचित्र काढा. ओळख पटेपर्यंत पुस्तकातून नाव चिकटवू नका. तुमच्या गावच्या तलावावरची, त्याच वेळेची, महिन्याकाठी एक नोंद वर्षभर ठेवली तरी कोणता पक्षी कधी आला, किती दिवस राहिला आणि कधी गेला याचा तक्ता तयार होतो. ही नोंद ईबर्ड या जागतिक नोंदसंचातही टाकता येते. एका गावची नोंद एकट्याने पाहिली तर लहान वाटते, पण हजारो गावांच्या नोंदी एकत्र आल्यावर स्थलांतराचे चित्र त्यातूनच बनते.

नोंदींना मोल का आहे हे रानपिंगळ्याने दाखवून दिले. या घुबडाची १८८४ नंतर खात्रीशीर नोंद नव्हती, म्हणून तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार भागातल्या सातपुड्यात तो पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटातही आढळला.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

जंगलाविषयी लोकांना आस्था वाटते, पण गवताळ माळाला आपण पडीक म्हणतो आणि झाडे लावून 'हिरवा' करायला निघतो. माळाच्या पक्ष्यांना झाडे नकोत, गवत हवे. तणमोर हा याचा सर्वांत दुःखद दाखला आहे. पावसाळ्यात याचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवून खाली येतो आणि पुन्हा उडी मारतो. मादीला आपली जागा कळावी म्हणून दिवसभर असे शेकडो वेळा चालते. गवत फार उंच किंवा साफ कापलेले असेल तर हा खेळच होत नाही. आज तणमोर जगातील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. अकोला जिल्ह्यातील वडाळा परिसरात फासेपारधी समाजाने गवताळ रान राखायला घेतले आणि कारंजा येथील संवेदना संस्थेने त्यांना साथ दिली. पक्ष्यांची खडान्खडा माहिती असलेल्या या लोकांचे ज्ञान पुस्तकांइतकेच मोलाचे आहे. माळावर जाताना गुराख्याला आणि पारधी बांधवाला आधी नमस्कार करा, मग प्रश्न विचारा आणि शांतपणे ऐका.

पथ्ये आणि खबरदारी

घरट्याजवळ थांबू नका आणि घरट्याचे फोटो काढू नका. टिटवी, लावा आणि चंडोल यांची अंडी जमिनीवर असतात. पालक उडून डोक्यावर ओरडत असतील तर तुम्ही अंड्यांजवळ आहात, तेव्हा आलेल्या वाटेने मागे फिरा. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नर आपली जागा राखण्यासाठी त्या आवाजाशी झुंजतो आणि त्याची शक्ती वाया जाते. पोपट, मुनिया किंवा तित्तिर पकडणे आणि पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगा.

काळ्या मातीत पाऊस पडला की पायवाटा चिकट होतात आणि गाडी फसते, म्हणून पावसाळ्यात डांबरी रस्त्याच्या टप्प्यातच राहा. आटलेल्या जलाशयाच्या गाळावर पाऊल टाकू नका : वरून सुकलेला पापुद्रा दिसतो, पण खाली चिखल असतो आणि पाय आत रुततात. काटेपूर्णेच्या जंगलात एकट्याने जाऊ नका. बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे वनविभागाच्या वाटाड्यासोबत जाणेच योग्य. मे महिन्यात सकाळी साडेनऊनंतर माळावर उन्हाचा तडाखा बसतो, तेव्हा त्याआधी परता.

सुरुवात कशी करावी?

पुढच्या रविवारी सकाळी गावच्या तलावावर जा आणि वही सोबत न्या. एका जागी शांत बसा, फक्त पाच पक्षी ओळखा आणि ते नीट लिहा. पुढच्या महिन्यात तिथेच, त्याच वेळी पुन्हा जा. मुलांना सोबत न्या, कारण पाच पक्षी नावानिशी ओळखणारे मूल तलावात कचरा टाकताना थबकते आणि माळाला पडीक म्हणत नाही. आपले माळ आणि तलाव टिकवायचे तर त्यांची नोंद ठेवणारी माणसे गावागावांत हवीत. तुमच्या गावात ते काम तुम्ही सुरू करा.